साथीच्या खोलीच्या दाराशी

खणणण्! दवाखान्याच्या दगडी पायरीवर हमालाच्या हातून मी निसटलो, तेव्हाचा हा आवाज. तो माझाच होता. पण त्याला ओ दिल्यासारखा आतून दुसरा आवाज आला. कोरडा, अडकलेला, भुंकल्यासारखा. एक लहान मूल खोकत होतं. आपल्याला काही कुणाच्या स्वयंपाकघरात नेत नाहीत, हे मला तिथंच कळलं.

मी एक तसराळं बोलतोय. तामचिनीचं, पांढरं, निळ्या काठाचं. मध्यभारत राज्य नवं होतं तेव्हा इंदूरच्या बाजारातून मला देवासला आणलं. पायरीवर पडून काठाचा टवका उडाला होता, म्हणून आधी मला परतच पाठवणार होते. मोठे डॉक्टर भैयासाहेब म्हणाले, "राहू दे. चेहरा पाहायचा नाही त्याचा, काम पाहायचंय."

व्हरांड्यात लाकडी घोडीवर मला बसवलं. एका बाजूला साथीची खोली, समोर मुलांची खोली. मधे मी. माझ्यात उग्र वासाचं, पांढुरकं औषधी पाणी. साथीच्या खोलीतून जो बाहेर येईल त्यानं तिथला झगा तिथंच खुंटीवर टांगायचा, साबणानं आणि माझ्या पाण्यानं हात धुवायचे, आणि मगच पुढं पाऊल टाकायचं.

तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. माणसं तोंड पाहून माणूस ओळखतात, मी हात पाहून ओळखू लागलो. कुणी नुसती बोटं बुचकळून निघून जाई. कुणी भैयासाहेब दिसले की कोपरापर्यंत घासत बसे. मी प्रत्येक हाताला मनात विचारी, कुठून आलास? कुणाला शिवलास? हातानं खरं सांगितलं असं मला कधी वाटलं नाही.

इंदूरला डॉक्टर झालेले तरुण भैयासाहेबांकडे राहून शिकायला येत. त्या वर्षी दोघे होते. एक मल्हारराव, इथलाच, मोठ्या मिशांचा, कुणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा. दुसरा नीलकंठ, धारचा. त्याचे वडील तिथं सरकारी कोठीवर होते. नीलकंठ अबोल, नेमाचा. त्याच्याएवढे स्वच्छ हात मी पाहिले नाहीत. नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, सगळीकडे साबण. त्याचे हात आले की माझा संशयसुद्धा थोडा डुलकी घेई.

आणि सीताबाई. तिच्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले होते. नवरा गेल्यावर ती दवाखान्यात आया म्हणून लागली. रोज सकाळी ती मला राखेनं घासून लख्ख करी, माझ्या उडालेल्या टवक्यावरून बोट फिरवी आणि म्हणे, "दुखतंय का रे?" मला असं आणखी कुणी कधी विचारलं नाही.

साथीच्या खोलीत हाटपिपल्याचा बापू होता, घटसर्पाचा. घशात पांढरा पापुद्रा, श्वास घ्यायला जीव एकवटावा लागे. त्याचा बाप दारात उभा राहून सगळ्यांकडे संशयानं बघे. "ये तो सीखने वाले डाक्टर हैं," तो म्हणे. "म्हारा छोरा पे सीखेगा कई?" भैयासाहेबांनी बापाला शेजारी बसवून बापूला सुई टोचली. हळूहळू बापूचा पापुद्रा सुटू लागला.

आणि मग समोरच्या मुलांच्या खोलीत लतिका आजारी पडली. सहा वर्षांची पोर, पाय मोडला म्हणून आलेली. पायाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या, खाटेवरून हलता येत नव्हतं. ती त्या खोलीत कधी गेली नाही, बापू तिच्याकडे कधी आला नाही. तरी एका सकाळी तोच भुंकल्यासारखा खोकला समोरून ऐकू आला. लतिकालाही साथीच्या खोलीत हलवलं.

कुणीतरी तो रोग व्हरांडा ओलांडून नेला होता. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पाण्यात हात बुडवून.

दवाखान्यात जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघू लागला. लतिकाची आई सरला रडत म्हणाली, "ही आया तिकडून इकडे येते, पोरांची तोंडं पुसते. पदर कुठं कुठं लागत असेल!"

नीलकंठ म्हणाला, "मलाही तेच वाटतं. सीता, तुझा पदर तिथल्या खाटेला लागतो की नाही?"

"नाही लागत, साहेब. खोचूनच जाते मी."

"तू पाहतेस का मागं वळून?"

मागं वळून कोण बघतं? तिला घरी बसायला सांगितलं. ती राहायची त्या वाड्यातल्या बायकांपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली, आणि विहिरीवर त्यांनी आपापले हंडे बाजूला ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी मला कुणीतरी घाईत, नुसतं पाणी ओतून विसळलं.

भैयासाहेबांनी मात्र सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं. मग ते म्हणाले, "संशय घ्यायचा तर तो सगळ्यांचा घेऊ. माझ्यासकट. सीताबाईंना बोलवा."

त्यांनी साथीच्या खोलीतल्या एका रिकाम्या खाटेवर लोड निजवला, आणि त्याच्यावर धोतरांना घालायची नीळ कालवून फासली. समोरच्या खोलीत दुसरा लोड, पांढऱ्या अभ्र्यातला. म्हणाले, "तो लोड नाही, बापू आहे. ती नीळ नाही, घटसर्प आहे. रोज करता तसंच करायचं. रोगी तपासा, कपाटातून औषध काढा, झगा टांगा, हात धुवा आणि समोरच्या पोरीचा घसा बघा. काय निळं होतं ते मी बघतो."

पहिले ते स्वतः गेले. त्यांच्या चष्म्याच्या काडीला निळं बोट लागलेलं निघालं. ते हसले नाहीत. रुमालानं काडी पुसली आणि तो रुमालही झग्याजवळ टाकला. मग मल्हारराव. त्याचे हात स्वच्छ, पण मिशीचं एक टोक निळं. "अरे भिया," तो मिशी चाचपत म्हणाला, "मिशीलाच घटसर्प झाला की!"

मग सीताबाई. ती पदर खोचून आत गेली, खाट झटकली, बाहेर आली, माझ्यापुढं वाकली. पदर पांढराच होता. समोरचा लोडही पांढराच राहिला.

शेवटी नीलकंठ. त्यानं रोगी तपासला. सदऱ्याच्या गळ्यातून जानवं ओढून त्याला बांधलेल्या आपल्या किल्लीनं कपाट उघडलं. औषध काढलं, कपाट लावलं, जानवं आत सोडलं. झगा टांगला. हात धुतले. इतके धुतले, की माझं पाणी आभाळासारखं निळं झालं आणि त्याची बोटं शंखासारखी पांढरी. तो समोर गेला. तिथल्या कपाटालाही तीच किल्ली लागे. जानवं बाहेर आलं, किल्ली फिरली, आणि त्यानं लोडाचा घसा बघण्यासाठी अभ्र्यावर अंगठा टेकला.

अभ्र्यावर निळा अंगठा उमटला.

नीलकंठनं सदऱ्याची गुंडी काढली. जानवं निळं होतं, छातीवर निळा ओरखडा होता. त्याच्या वडिलांच्या जानव्याला धारच्या कोठीची किल्ली असे. किल्ली हरवू नये म्हणून घरातले सगळे तशीच बांधत. तो झगा बदलत होता, हात धूत होता. जानवं बदलायचं कुणाच्या मनात येणार? आणि जानव्याचा संशय कोण घेणार? सगळ्यांना पदर दिसला होता.

भैयासाहेब एवढंच म्हणाले, "किल्ली उद्यापासून दाराशी खिळ्यावर. एकेका कपाटाची वेगळी."

लतिकाचा श्वास चार-दोन दिवसांनी मोकळा झाला. पाय बरा व्हायच्या आधी ती खाटेवरून गाणी म्हणू लागली. बापूचा बाप भैयासाहेबांना हाटपिपल्याच्या नरसिंहाचा प्रसाद देऊन गेला.

आता मी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली आहे. नळ आले, बेसिनं आली. माझा तळ पिचलाय, पण पाखरांपुरतं पाणी राहतं. चिमण्या येतात, चोची बुडवतात. त्यांच्यावरही मी थोडी नजर ठेवतोच. सवय जात नाही. तुम्ही हात धुता, धुवा. पण धुतलेला हात पुढं कशाला लागतो, तेही एकदा बघा. आणि दुसऱ्याच्या पदराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या गळ्यात काय लोंबतंय ते चाचपा.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण त्या नीळवाल्या दुपारचं थोडं राहिलंय.

सगळे पांगल्यावर सीताबाई माझं निळं पाणी ओतायला आली. नीलकंठ तिथंच उभा होता. किल्ली त्यानं जानव्यातून सोडवली होती, ती त्याच्या मुठीत होती.

"सीताबाई," तो म्हणाला, "मी तुमच्यावर आळ घेतला. उद्यापासून तुम्ही याल ना?"

पहिल्यांदाच तो तिला अहो-जाहो करत होता. तिनं मला रिकामं केलं. राखेनं घासलं, काठाच्या टवक्यावरून बोट फिरवलं, ताजं पाणी भरलं, औषध घातलं. साबणाची वडी त्याच्या बाजूला सरकवली.

त्यानं किल्ली माझ्या पाण्यात सोडली आणि हात बुडवले. तो घासत होता, तोवर ती बघत उभी राहिली. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटापर्यंत.

मग तिनं पदर खोचला, आणि मुलांच्या खोलीकडे चालू लागली.