खाटेचं माप

ऐक ना. मध्ये काही बोलू नकोस, फक्त ऐक. तर कापून उरलेल्या कागदात एक चौकोनी रिकामी जागा... माझ्या टेबलावर, कात्रीच्या टोकाशी, आणि तिच्यातून खालचं हिरवं कापड दिसतंय, आणि मी नुसती बघत बसलेय, कारण ती जागा मोठी आहे. असायला नको तेवढी मोठी.

तुला माहितीये मी काय करते. कपड्यांच्या कारखान्यात कागदाची मापं कापते, बाही, कॉलर, खिसा, आणि प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी अर्धा इंच मार्जिन सोडते, शिलाईत जातं म्हणून. पाच वर्षं झाली, हाताला सांगावं लागत नाही. हा कागद मीच रविवारी घरी नेला होता, उरलेला परत आणला, खिशांना पुरेल म्हणून. रविवारी त्यावर आम्ही घर मांडलं होतं.

घर घ्यायचंय ना. आम्ही तिघं — मी, नवरा आणि त्याची मोठी बहीण. ताई. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा, ती एकोणीसची; तिनंच याला वाढवलं, कॉलेज सोडून वाचनालयात चिकटली, लग्नबिग्न राहूनच गेलं. आता भाड्याच्या दीड खोलीत एक खोली आमची आणि पडद्यापलीकडची अर्धी तिची. पडदा गं, भिंत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली आणि मी नवऱ्याशी एकदाही मोठ्यानं भांडले नाहीये. कुजबुजत भांडतो आम्ही. कुजबुजत भांडलं ना, की भांडण संपतच नाही... आणि ताई वाईट असती तर किती बरं झालं असतं. ती मला ‘कात्री’ म्हणते, उभं राहून माझे पाय सुजले की बादलीत गरम पाणी आणून ठेवते, आणि आम्ही पडद्याआड गेलो की मुद्दाम रेडिओ लावते. लावते म्हणजे तिला कळतं. ते तिला कळतं, हेच मला सहन होत नाही.

दोन बेडरूमचं घर बघून आलो. बँकेतल्या बाईंनी आमच्या पगाराचे कागद चाळले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, एक बेडरूमचं बघा. मग एक बेडरूमचं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की ताईची खाट हॉलमध्ये बसते का. बसली तर तिघं, नाही तर... ‘नाही तर’च्या पुढे कुणी बोललंच नाही.

म्हणून रविवारी मी एका फुटाला एक इंच धरून हॉल आखला, सामानाचे तुकडे कापले, आणि ताई चहाचा कप बाजूला ठेवून जमिनीवर बसून ते फिरवायला लागली. सोफा इकडे, कपाट तिकडे, टेबल खिडकीशी. सगळं बसलं. खाट बसेना. आडवी बसेना, उभी बसेना, कुठूनही बाल्कनीच्या दारात यायची. हा म्हणाला, मापात काही घोळ... आणि ताईच म्हणाली, कात्रीचं माप चुकत नाही रे. मग तिनं माझ्या हातातली कात्री घेतली, खाटेच्या एका बाजूची पट्टी कापली, इंचभर असेल, मग पायथ्याची तेवढीच. आणि कोपऱ्यात सरकवली. चपखल बसली.

"आता मी पाय दुमडून झोपले की झालं."

हा हसला. मीही हसले गं.

सोमवारी सकाळी केस विंचरता विंचरता तिनं सांगून टाकलं, की वाचनालयातल्या एका बाईंकडे खोली रिकामी आहे, ती तिकडे जाईल, आम्ही उगाच डोकं शिणवू नये. हा दारात, एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा. आणि मला... तुला म्हणून सांगते, मला आधी बरं वाटलं. मग बेसिनपाशी जाऊन रडले, पण आधी बरं वाटलं.

आणि आज गुरुवार. सहा वाजता बिल्डरच्या ऑफिसात बुकिंग, हा तिकडे गेलाय, आणि माझ्यासमोर हा कागद. गळ्यातली टेप काढली. रिकामी जागा, सात इंच बाय चार. ताईची खाट सहा फूट बाय तीन आहे, म्हणजे कागदावर सहा इंच बाय तीन. मार्जिन. खाटेला मार्जिन सोडलं मी, खाट काय शिवायची होती का... आणि ताईनं जेवढं कापलं तेवढंच ते जास्तीचं होतं. म्हणजे तिला पाय दुमडावे लागणारच नव्हते. पूर्ण लांब होऊन, पाय पसरून, ती बसत होती त्या घरात.

मला हसूच आलं. फोन उचलला, की सांगावं, अरे, वेडेपणा झाला माझा. मग म्हटलं बाकीच्या तुकड्यांच्या जागाही मोजू, म्हणजे नीट सांगता येईल. कपाट मोजलं, बरोबर. सोफा बरोबर. टेबल बरोबर. फक्त खाट. पुन्हा मोजली. कटिंग मास्तर मागून म्हणाले, कागद कापतेयस का त्याला ताप आलाय का बघतेयस, आणि मी हो हो म्हटलं, आणि पुन्हा टेप लावली. खाट मी पहिली कापली असणार. पहिली म्हणून हात सवयीनं गेला, मग लक्षात आलं, मग पुढचे तुकडे नीट कापले... पण लक्षात आलं, तर पहिला परत का नाही कापला? आणि मी तर कागदाच्या कडेपासून सुरुवात करते. खाटेची जागा मधोमध आहे. कडेला कपाट आहे. नेहमीच कडेपासून करते असं नाही... म्हणजे, बहुतेक वेळा करते.

साडेपाचला फोन वाजला. नंबर याचा, आवाज ताईचा. अर्धा दिवस सुट्टी टाकून गेली होती, म्हणाली, सह्या होताना कुणी मोठं माणूस असावं. मग आवाज खाली आणून:

"त्याचा चेहरा उतरलाय गं. तुझं ऐकतो तो. तूच सांग त्याला, की हे असंच बरं आहे."

आणि फोन त्याच्याकडे दिला. सही तर होणारच होती, घरही तेच होतं, फक्त ताई त्यात असणार की नाही एवढंच माझ्या जिभेवर होतं. मग तो म्हणाला,

"तू नीट मोजलं होतंस ना?"

इतके दिवस मला वाटत होतं, मला एक खोली हवीय. फक्त एक दार, लावता येईल असं. त्या क्षणी मला दार नको होतं, खोली नको होती, काही नको होतं, फक्त त्यानं पुन्हा विचारू नये एवढंच हवं होतं.

त्यानं पुन्हा विचारलं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस? नाही, अशी विचार करून नको सांगूस. फोन कानाला आहे, तो थांबलाय, ताई त्याच्या शेजारी उभी आहे... काय म्हणाली असतीस?