सोमशेखरच्या नावाचं पत्र

"अव्वा, पत्रावर माझं नाव दिसलं तरी खालची फाईल लगेच उघडायची न्हाई. आधी फोन करून इचारायचं, 'सोमू, तूच धाडलंयस का?' आणि चुकून घोटाळा झालाच, तर फोनची वायर काढायची आन ज्यांना पत्रं गेली त्यांना सोताहून सांगायचं. शब्द दे की."

शिवम्मांनी लेकाला शब्द दिला, तेव्हा त्यांच्या बोटांना पूजेची विभूती होती. मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं. मी एक जुना संगणक आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, देवघराशेजारच्या टेबलावर माझी जागा आहे.

सोमशेखरनं मला पहिल्या पगारातून आणलं. गल्ली बघायला जमली होती. शिवम्मांनी मला ओवाळलं आणि पडद्याच्या वरच्या कडेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. पुढं रोज इष्टलिंगाची पूजा आटोपली की उरलेली विभूती माझ्या वाट्याला यायची.

सोमशेखर बेंगळूरला नोकरीला गेला आणि मायलेकांची पत्रं माझ्यातून ये-जा करू लागली. सुट्टीत तो व्हायरस पकडणारी नवी सीडी घेऊन यायचा. "जुनं औषध नव्या किड्याला चालत न्हाई, अव्वा," म्हणायचा. मग छोट्या माईकपुढं बसून शिवभक्तीची वचनं गायचा. ती त्याच्या आवाजासकट मी जपून ठेवायचो. धाकटी बहीण शांभवी कबनूरला दिलेली. तिच्या संगणकातही त्यानं ती वचनं घालून दिली होती.

मागच्या वर्षी अपघातात सोमशेखर लिंगैक्य झाला. सीडी येणं थांबलं, विभूती थांबली नाही. "देवाचं भस्म लावलंय, किडा कसला येतोय," शिवम्मा म्हणायच्या आणि रोज एक वचन ऐकायच्या. मित्रांनो, त्या श्रद्धेला मी नावं कशी ठेवू? पण माझं औषध जुनं झालं होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

आज श्रावणातला सोमवार. सकाळी पूजा करून त्यांनी मला सुरू केलं. मोडेम नेहमीसारखा किंचाळला आणि एक पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव, सोमशेखर.

घरात दुसरं कुणी नव्हतं. समईची वात हलत नव्हती.

"लिंगैक्य झालेला माणूस मागं येत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. ते त्यांनी आयुष्यभर मानलं होतं. पण खाली एक फाईल होती. फोन करून विचारायचं, तर आता कुणाला? त्यांनी डोळे मिटले आणि ती उघडली.

कोरा पडदा. त्या नैवेद्य करायला उठल्या.

त्या गेल्या आणि माझ्यात कुणीतरी चालायला लागलं. कीबोर्डवर कुणाचं बोट नव्हतं. माझ्यातले पत्ते एकेक करून वाचले जात होते आणि पत्रं निघत होती. मोडेमचा दिवा थांबायला तयार नव्हता. माझ्या तोंडून दुसरंच कुणी बोलत होतं, आणि जाणाऱ्या पत्रांवर नाव होतं सोमशेखरचं.

दुपारी शेजारच्या झुंबरबाई धापा टाकत आल्या.

"अवो शिवम्माक्का, तुमचा सोमू सर्गातनं बी नेट वापरतोय व्हय? आमच्या केरबाला कॅफेत पत्र आलंय त्याचं!"

"उघडलं का त्यानं?"

"उघडतंय कुठलं! चपला तितंच टाकून पळत आलंय. एवढं ढोर झालंय, आन भुताला भितंय!"

शिवम्मा हसल्या नाहीत. "भूत न्हवं, झुंबरबाई. माझ्याच हातनं झालंय."

त्यांनी माझी वायर काढून फोनला जोडली. मग एक वचन लावलं. आवाज आला नाही. दुसरं लावलं. आवाज नाही. वचनांची नावं जागच्या जागी होती. आत काही उरलं नव्हतं. खोलीत फक्त माझ्या पंख्याची घरघर.

"शांभवीकडं हाईत की," झुंबरबाई आता हलक्या आवाजात म्हणाल्या.

"तिलाबी पत्र गेलं असंल."

त्यांनी कबनूरला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्या घरात कापडाचे माग चालू असले की खडखडाटात फोन ऐकू जात नाही. माग संध्याकाळी थांबतात, आणि मग शांभवी संगणकापुढं बसते. भावाचं नाव बघून ती तरी कशी थांबेल?

मित्रांनो, ते पत्र सोमशेखरचं नव्हतं. त्याच्या एखाद्या मित्राच्या संगणकात त्याचं नाव राहून गेलं असेल. किड्यानं ते उचललं आणि पांघरून दारोदार निघाला. म्हणून लाडकं नाव दिसलं तरी थांबा, त्या माणसाला विचारा. विचारायला माणूस उरला नसेल, तर फाईल उघडूच नका. आम्हाला विभूती लावा, पण नवं औषधही वेळेवर द्या.

शिवम्मांनी मला बंद केलं. नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं. उपवास तसाच होता.

"पोटात काय न्हाई, आन कुठं निघालाय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कबनूरला. माग थांबायच्या आत पोचाय पायजे." त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग पदराखाली नीट केलं. "शब्द दिलाय पोराला."

माझ्या काळ्या काचेत त्यांची पाठ लहान होत गेली. दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.