सुटण्याच्या वेळांची यादी

गिलियनने दुसरं लग्न केलं ते २००८ साल. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. लेकीच्या लग्नात एका टेबलाला बसावंच लागतं, म्हणून मी आणि क्लिफर्ड बसलो. तिथेच, केक कापत असताना, नवऱ्याने मला सांगितलं की यंदाही मे महिन्याच्या शर्यतीच्या वेळा तोच लावणार.

"क्लबच्या सेक्रेटरीने गळ घातली. नाही म्हणवेना," तो म्हणाला.

"नाही म्हणणं तुला कधीपासून जड जायला लागलं?"

"केक खा, बाईसाहेब. मेपर्यंत अंगाला लागू दे."

आमच्या ब्रॅगडेनच्या धावण्याच्या क्लबात दर मे महिन्यात पाच मैलांची हँडिकॅपची शर्यत असते. हळू धावणारे आधी सोडायचे, वेगवान मागून. वेळा लावणाऱ्याने हिशेब बरोबर केला तर सगळे शेवटच्या रेषेवर एकदमच पोचले पाहिजेत. हिशेब वसंतातल्या शर्यतींवरून होतो. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही जेवढे हळू, तेवढे मे महिन्यात लवकर सुटता. जो पहिला येईल त्याला क्लबच्या वाट्याची एकुलती एक जागा मिळते, ऑक्टोबरातल्या बंदराच्या शहरातल्या मॅरेथॉनची.

मला ती जागा हवी होती. दुसरी कुठली मॅरेथॉन नको, हीच. अकरा वर्षांपूर्वी मी ती धावले होते. विसाव्या मैलाला क्लिफर्ड रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभा होता. मला म्हणाला, "शेवटची रेषा बंद केली त्यांनी. तुझी वेळ संपली. गाडीत बस." मी बसले. घरी आल्यावर चार दिवसांनी कळलं की रेषा आणखी दीड तास उघडी होती. माझ्या मागच्यांना पदकं मिळाली होती. त्यानंतर सहा वेळा सोडतीत नाव घातलं, सहाही वेळा नाही आलं. आता मी सदुसष्ट वर्षांची होते, आणि कंबरडं थंडीत कुरकुरू लागलं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

क्लिफर्ड स्वतः एके काळी चांगला धावायचा. तेहतीस वर्षं बस चालवून त्याचे गुडघे गेले, मग त्याच्या हातात फक्त घड्याळ उरलं. क्लबात म्हणायचे, क्लिफर्डला फसवणं आणि विजेचं मीटर फसवणं सारखंच. आणि मला तर त्या मीटरबरोबर एका घरात राहायचं होतं. मी किती धावते, कशी धापते, जिना कसा चढते, सगळं तो बघत असे. मला उशिरा सुटायचं नव्हतं, म्हणजे मला आधी हळू दिसायला हवं होतं. घरातसुद्धा.

तेव्हा मी असं केलं. मंगळवारी क्लबाबरोबर धावायचं, पण मागे, बायकांशी गप्पा मारत. घरी येऊन सोफ्यावर पडायचं आणि कण्हायचं. खरी मेहनत गुरुवारी. गुरुवारी क्लिफर्ड सकाळी साडेसहालाच त्याच्या भाजी लावायच्या जमिनीच्या तुकड्यावर जायचा, कांदे लावायचे म्हणून. तो गेला की मी निघायची. धरणाच्या रस्त्याला एक मैल जोरात, एक मैल सावकाश, असं तीन वेळा. गारा पडायच्या, वारा तोंडावर मूठ मारल्यासारखा यायचा. परत येताना चिखलाचे बूट ऑड्रीच्या शेडमध्ये ठेवायची आणि चपला घालून घरी.

ऑड्री माझी मैत्रीण. कापडगिरणीत आम्ही एकाच मागावर होतो, नंतर शाळेच्या स्वयंपाकघरातही एकत्र. तिला मी सांगितलं होतं की घरात चिखल नेला की क्लिफर्ड खेकसतो.

"तुमचं लग्न म्हणजे दोन मांजरं एका पोत्यात," ती म्हणाली. "ठेव बूट. पण माझ्या फावड्यावर नको."

मार्चच्या शर्यतीत, सहा मैल, मी मुद्दाम चार मिनिटं हळू धावले. शेवटी एका मुलाने बाळाची गाडी ढकलत मला मागे टाकलं. क्लिफर्डने घड्याळ बंद केलं, वहीत लिहिलं, आणि एवढंच म्हणाला, "वय झालं."

एप्रिलमधली गोष्ट सांगायला नको वाटते, पण ती सोडून पुढे जाता येत नाही. बागेतली रिले होती, साठीपुढच्या बायकांची, तिघींचा संघ. पहिली ऑड्री, दुसरी मी, तिसरी आमची कप्तान जोन. ऑड्री सर्वांत हळू, पण त्या दिवशी तिच्या अंगात काही तरी संचारलं होतं. वळणावर घसरून पडली, गुडघा फुटला, तशीच उठून आली. मला हात लावला तेव्हा तिच्या मोज्यात रक्त उतरलं होतं. "पळ गं, तिसऱ्या आहोत आपण!" ती ओरडली.

मी पळाले, पण तीन मिनिटं खिशात ठेवून. वहीसाठी. जोनने शेवटी जीव तोडला तरी आम्ही चौथ्या आलो, तिसऱ्या पदकापासून अकरा सेकंदांनी. ऑड्रीला आयुष्यात एकही पदक मिळालेलं नव्हतं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे. तुझं कंबरडं धरलं असेल." मी म्हटलं, "हो, धरलं."

शर्यत बुधवारी संध्याकाळी असायची आणि यादी आदल्या दिवशी क्लबच्या भिंतीवर लागायची. त्या मंगळवारी मी मनात हिशेब करूनच गेले. वहीप्रमाणे ऑड्री सर्वांत आधी, शून्यावर. मी तिच्यामागून तीन मिनिटांनी. मग मी सावकाश सावकाश तिला गाठणार, शेवटच्या शेतात पुढे जाणार आणि मिनिटभराने जिंकणार. कुणी बोट दाखवलं नसतं.

भिंतीपाशी गर्दी होती. मी पुढे झाले. ऑड्री शून्य. खाली सहा नावं. मग मी. दहा मिनिटं.

"छापताना चूक झाली असेल," मी म्हटलं.

"चूक नाही," क्लिफर्ड मागून म्हणाला. तो चहाचा कप घेऊन उभा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "गुरुवारची सातची बस. धरणाच्या रस्त्याने जाते. वरचा मजला, पुढची सीट, मग धरणाच्या थांब्यावर उतरून हातात घड्याळ; तिथून सगळा रस्ता दिसतो. नऊ गुरुवार. पंपघरापासून चर्चच्या फाटकापर्यंत बरोबर एक मैल आहे, बसच्या मीटरवर मोजलाय मी. शेवटच्या गुरुवारी बाईसाहेब आठ मिनिटं चाळीस सेकंदांत गेल्या. तीनदा."

"आणि कांदे?" कुणीतरी विचारलं.

"कांदे दुपारी."

दोघं हसले. जोन हसली नाही. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती, आणि मी ते तिच्या चेहऱ्यावर बघत होते. "म्हणजे बागेत तुम्ही..." ती म्हणाली. "एनिड, अकरा सेकंद होते हो ते. अकरा."

 ऑड्रीने कोट घातला, बटणं खालून वरपर्यंत लावली. दारात थांबून म्हणाली, "बूट घेऊन जा. आत्ता. पावसात बाहेर ठेवतेय मी."

 मी गेले तेव्हा ते तिच्या फाटकाबाहेर रस्त्यावर फेकलेले होते. एक उभा, एक आडवा.

बुधवारी मी जाणारच नव्हते. क्लिफर्डने नाश्त्याला टोस्टवर मुरांबा लावता लावता सांगितलं, "नाही आलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. उलट बरंच वाटेल लोकांना." म्हणून मी गेले.

संध्याकाळी सुरुवातीलाच सेक्रेटरीने सूचना दिली. यंदा शेवटच्या शेतात कोकरं आहेत. जो गेटमधून जाईल त्याने आपल्यामागे गेट लावायचं, साखळीसकट. नाही तर शेतकरी पुढच्या वर्षी वाट देणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे हे सांगावंही लागत नाही. गेट लावायचं. पण मागचा माणूस दहा पावलांवर असेल तर हाताने धरून ठेवायचं, हीही रीत आहे, आणि ती तर पोरंसुद्धा पाळतात.

ऑड्री सुटली. कुणीतरी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी दहा मिनिटं उभी राहिले. माझ्या शेजारी कुणी उभं नव्हतं. माझी वेळ आली तेव्हा क्लिफर्डने घड्याळावरून नजर न उचलता म्हटलं, "जा."

पहिले दोन मैल माळावरून चढ आहे. मी आयुष्यात तशी धावले नव्हते. राग पायांत उतरला तर चढ कळत नाही. चौथ्या मैलापर्यंत सहाही जण मागे टाकले. एकानेही "शाबास" म्हटलं नाही. एरवी आम्ही एकमेकांना म्हणतोच, तोंड फाटेपर्यंत धाप लागली तरी म्हणतो. मागून वेगवान पोरांचे बूट ऐकू यायला लागले होते. पुढे फक्त ऑड्रीचा निळा शर्ट.

क्लिफर्डने वेळ चोख लावली होती, हे मला मान्य करावं लागेल. जसजसं गेट जवळ आलं तसतसा तो शर्ट जवळ आला, जणू कुणी दोरीने ओढत होतं. गेटला ती पोचली तेव्हा मी सहा-सात पावलांवर होते. गेटपासून शेवटची रेषा दोनशे यार्ड. दोनशे यार्डांत मी तिला शंभर वेळा मागे टाकलं असतं.

तिने वळून बघितलं. अगदी नीट बघितलं, डोळ्यात डोळे घालून. मग गेट ओढून घेतलं, साखळी खिळ्यात अडकवली आणि ती वर दोनदा पिळली.

"ऑड्री!"

"कोकरं आहेत," ती म्हणाली, आणि पळाली.

माझी बोटं गार पडली होती. साखळी निघेना. वरून चढून जावं तर कंबरडं वर येईना. मागून दोन पोरं आली, एकाने माझ्या हातातून साखळी घेतली, सोडवली, आणि "माफ करा" म्हणत दोघं माझ्या आधी आत घुसली. गेट लावायचं राहिलं माझ्यावर. मी लावलं. साखळीसकट.

ऑड्री पहिली आली. ती दोघं दुसरी-तिसरी, मी चौथी, ऑड्रीच्या मागे नऊ सेकंदांनी.

मी सरळ क्लिफर्डकडे गेले. "तिने गेट अडवलं. सगळ्यांनी बघितलं."

क्लिफर्डने सगळ्यांकडे बघितलं. "कुणी बघितलं?"

जोन बुटांची नाडी बांधत होती. ज्या पोरांनी साखळी सोडवली ती पाणी पीत होती. सेक्रेटरी आभाळाकडे बघत म्हणाला, "नियम गेट लावण्याचा आहे. धरून ठेवण्याचा नाही."

"निकाल कायम," क्लिफर्ड म्हणाला आणि वहीत लिहिलं.

नंतर क्लबात मांसाची पेस्ट्री आणि कुस्करलेले मटार होते. मी थांबले नाही. जोनने ऑड्रीला जागेचा कागद दिला तेव्हा झालेल्या टाळ्या मला बाहेर रस्त्यावर ऐकू आल्या. एवढ्या टाळ्या आमच्या क्लबात कधी ऐकल्या नव्हत्या.

क्लिफर्ड घरी आला तेव्हा उजेड होता अजून. मी स्वयंपाकघरात बूट धूत होते. यापुढे लपवायचं काही नव्हतं.

"दोन मिनिटं दिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?" मी विचारलं.

"जेवढी होती तेवढी दिली. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही."

"आणि त्या वेळी? विसाव्या मैलाला? रेषा उघडी होती, तुला माहीत होतं?"

त्याने टोपी काढून खुंटीला लावली. मला वाटलं नेहमीसारखं म्हणेल, तुझ्या गुडघ्यांसाठी केलं. अकरा वर्षं तेच म्हणत होता.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मग?"

"चार तास पावसात उभा होतो मी. माझे गुडघे हे असे. आणि तू आलीस ती हसत हसत. वीस मैल धावून हसत होतीस. बघवलं नाही मला."

मी बुटातला चिखल काढत राहिले. त्याने किटली भरली, एकच कप काढला, आणि आपला चहा घेऊन पुढच्या खोलीत गेला. त्यानंतर आम्ही गरजेपुरतं बोललो. किल्ली कुठे, बिल आलं का, दार लाव. तो उन्हाळाभर गुरुवारी बसने जात राहिला, पण मी त्या रस्त्याला जाणं सोडलं होतं. कदाचित त्याला फक्त बसमध्ये बसायला आवडत असेल.

ऑड्रीकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि म्हणाली, "त्या दिवशी माझ्या मोज्यात रक्त होतं, एनिड. तू बघितलंस. बघून हळू धावलीस." मी म्हटलं, हो. तिने दार लावलं.

ऑक्टोबरात ती बंदराच्या शहरात गेली. पाच तास एकेचाळीस मिनिटांत शेवटच्या रेषेवर पोचली, रेषा बंद व्हायच्या बऱ्याच आधी. हे मला तिने सांगितलं नाही. क्लबच्या फलकावर वाचलं.

क्लिफर्ड ते वाचायला नव्हता. तो २१ सप्टेंबर २००८ रोजी, रविवारी सकाळी, भाजीच्या तुकड्यावर कांदे उपटताना वारला. ऑड्री २०१५ च्या फेब्रुवारीत वारली.