अकरा कॉलर आणि एक इंजेक्शन

शिवणाच्या कारखान्यात सासूबाईंची एकच गोष्ट गाजलेली होती. लेकाच्या वेळी कळा सुरू असताना त्यांनी मशीनवर अकरा कॉलर लावल्या, शेवटचा दोरा दातानं तोडला आणि मगच बाळंत व्हायला गेल्या. कामावर नवी बाई आली की तिला सुई मिळायच्या आधी ही गोष्ट मिळायची.

आणि आज त्यांच्याच डोळ्यांदेखत सूनबाई सकाळी आठपासून कटिंगच्या टेबलाशी उभी होती. दर दहा मिनिटांनी टेबलाची कड घट्ट धरायची, ओठ चावायची, कळ ओसरली की पुन्हा कात्री. तोंडातून ब्र नाही. सासूबाईंच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही, पण त्या बोलल्या मात्र नाहीत. या पोरीला टाके घालायला शिकून दोन वर्षं झाली नाहीत, आणि आता हिचीही गोष्ट होणार?

दुपारी एकला दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कळा कधीपासून?"

सूनबाईला धाप लागली होती. सासूबाईंनी तोंड घातलं. "आत्ता तासाभरापूर्वी. पहिलटकरीण आहे, एवढ्यातच बोंबाबोंब. सोसवत नाही हो आजकालच्या पोरींना."

सिस्टरनं तपासलं. मग, अजून बराच वेळ आहे असं धरून दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. सूनबाईचा चेहरा सैल पडला. तेही सासूबाईंना खुपलं. आपल्याला कुणी दिलं होतं?

आणि पावणेतीनला बाळ बाहेर.

मुलगी. छान गुटगुटीत, पण डोळेच उघडेना. छातीशी धरली तरी ओठ हलवेना, मान टाकून झोपलेली.

सिस्टरनं तळपायाला टिचक्या मारल्या. "श्वास बरोबर आहे, पण लक्ष ठेवावं लागेल. आईला दिलेलं औषध रक्तातून वारेपर्यंत जातं, तिथून नाळेनं बाळात. आईच्या अंगातून ते लवकर उतरतं, बाळाचं अंग कोवळं, त्याला वेळ लागतो. बाळ एवढ्या लवकर येईलसं वाटलं असतं, तर दिलंच नसतं. तासाभराच्या कळा म्हणालात ना तुम्ही!"

खाटेशी उभा असलेला लेक बायकोवर घसरला. "जरा सोसायचं होतंस गं. आईनं अकरा कॉलर..."

सूनबाईचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं," ती निजलेल्या पोरीला म्हणाली.

सासूबाई दारातच उभ्या. गप्प राहिलं की झालं. कॉलर अकराच राहतील, जन्मभर. त्यांनी पोरीकडे पाहिलं. ओठ निळसर नव्हते, पण ढिम्म. सहा पौंडांचा जीव, आणि आपल्या जिभेनं त्याला झोपवलं.

"तिच्यावर काय खेकसतोस रे मेल्या?" त्या लेकावर कडाडल्या. "सकाळी आठपासून कळा होत्या तिला. पाच तास टेबल धरून उभी होती, बावीस शर्ट कापले. मी मोजत होते. सिस्टर, मी खोटं बोलले. लिहा तिथं, आठपासून."

सिस्टरनं ओठ आवळून कागदावर खाडाखोड केली. "आजी, पुढच्या वेळी असं करू नका." मग तिनं बोटावर दुधाचा थेंब घेऊन पोरीच्या ओठांवर लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा जीभ हलली. सूनबाईनं तिला छातीशी घेतलं. एक ओढ, मग झोप, मग दुसरी ओढ.

"ऐकलं होतं मी, तुम्ही काय सांगितलंत ते," सूनबाई हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस भवाने?"

"इंजेक्शन मिळत होतं ना, आई. म्हटलं, असू दे."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. हसू आलं होतं, ते काय हिला दाखवायचं?

"बावीस नव्हते," त्या भिंतीला म्हणाल्या. "एकाची बाही वाकडी कापलीस. एकवीस."