डिंकाची शेपूट

मावशीने विंचूमाशी सकाळी दहाला ओलाव्याच्या डब्यात ठेवली आणि मला ते दुपारी अडीचला कळलं. म्हणजे साडेचार तास मी सुखात होतो. तेवढेच नशिबात होते.

ओलाव्याचा डबा म्हणजे तळाशी ओला कापूस घातलेली, झाकणाची काचेची बरणी. वाळून कडक झालेला किडा तिच्यात ठेवला की मऊ पडतो, मग शेपूट न मोडता वळवून बघता येते. किडा मऊ पडतो आणि डिंक सुटतो. यातला दुसरा भाग पुस्तकात नाही. किड्याला डिंक लावणारा मूर्ख पुस्तकं लिहिणाऱ्यांना भेटलेला नसावा.

"झाकण उघडायचं नाही," मावशी म्हणाली. "चारला तज्ज्ञ येतायत. ते स्वतः उघडतील."

"नुसतं बघतो."

"चार वर्षांत तुला एक किडा बघावासा वाटला नाही. आजच बरा उमाळा आला?"

मावशी संग्रहालयाच्या कीटक विभागाची प्रमुख आणि मी तिचा सहायक. विभाग म्हणजे आम्ही दोघं, एक सूक्ष्मदर्शक आणि एकोणीस कपाटं. मोठ्या साहेबांना या खोलीत उपाहारगृह काढायचंय. वर्षभरात काहीतरी नवीन शोधून दाखवा, नाहीतर खोली सोडा, असं त्यांनी बजावलं होतं आणि आम्हाला हुरूप यावा म्हणून उपाहारगृहाच्या सहा नमुना-खुर्च्या आधीच कोपऱ्यात आणून ठेवल्या होत्या.

विंचूमाशी विंचूही नाही आणि माशीही नाही. माशीला दोन पंख, हिला चार. तोंड चोचीसारखं लांब. नराची शेपूट विंचवासारखी फुगीर आणि वर वळलेली, पण तिच्यात विष वगैरे काही नाही. ते त्या बिचाऱ्याचं जननेंद्रिय. मादीला पटवायला तो मेलेला किडा भेट देतो, जमलं तर कोळ्याच्या जाळ्यातून चोरलेला. पिसवा याच घराण्यातल्या असाव्यात असं हल्ली काही जण म्हणतात, पण ती सोयरीक मावशीला अजून पसंत नाही. मुद्दा एवढाच, की पंखांवरच्या ठिपक्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. जात ठरते ती नराच्या शेपटीवरून.

आठ महिन्यांपूर्वी एका निवृत्त वनाधिकाऱ्याने वाळवलेल्या विंचूमाश्यांची पेटी दिली. मावशी म्हणाली, बुरशी झटक. मी झटकली. एका नराची शेपूटही झटकली गेली. पंखा चालू होता, खिडकी उघडी होती आणि मी नेहमीप्रमाणे मी होतो. शाळेच्या मुलांना दाखवायला मोडक्या किड्यांचा एक डबा होता. त्यातल्या एका चेंगरलेल्या विंचूमाशीची शेपूट काढली आणि टेबलावरच्या डिंकाने बसवली. छान बसली.

तीन दिवसांनी मावशी सूक्ष्मदर्शकावरूनच किंचाळली. मला वाटलं, पकडला गेलो. तिने मला मिठी मारली.

"अशी शेपूट जगात कुठेच नाही रे!"

"मावशी…"

"काय?"

"अभिनंदन."

पुढचे सात महिने तिने ती शेपूट मोजली, चितारली, आजवर छापलेल्या प्रत्येक वर्णनाशी ताडून पाहिली. जातीला नाव माझं दिलं. 'पेटी तू साफ केलीस ना,' म्हणाली.

आज पावणेचारला बरणीत शेपूट लोंबकळायला लागली.

"मावशी, ती शेपूट मी लावलीय."

"कशाला?"

"माशीला."

ती हसली. हा माझ्या स्वभावाचा तोटा. खरं बोललो की लोक हसतात.

"आज चेष्टा नको, ठोंब्या."

मी डिंकाची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. झाकण उघडलं. शेपूट कापसावर वेगळी पडली होती आणि तिच्या बुडाला डिंकाचा चकचकीत थेंब होता.

मावशीने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"शेपूट खरी आहे," ती म्हणाली.

"माशीही खरी आहे. फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध नाही."

"अरे, म्हणजे जात नवीनच आहे!" तिचा आवाज चिरकला. "हिचं धड कुठाय?"

"मोडक्यांच्या डब्यात."

"आण!"

मी डबा आणला. रिकामा होता. धुतलेलाही होता. गेल्या महिन्यात साहेब पाहणीला येणार म्हणून मावशी वैतागून म्हणाली होती, तो कचरा टाकून दे एकदाचा. चार वर्षांत तिचं मी लगेच ऐकलं ते तेवढंच.

"त्याच्या टाचणीला चिठ्ठी होती? कुठे सापडली, कधी सापडली?"

"होती. निळ्या शाईची."

"काय लिहिलं होतं?"

"वाचली नाही."

ती खाली बसली. त्या शेपटीची माशी कुठेतरी होती. कुठल्यातरी झुडपावर तिचे भाऊबंद मादीसाठी चोऱ्यामाऱ्या करत होते आणि ते झुडूप या पृथ्वीवर होतं, एवढाच पत्ता आमच्याकडे उरला होता.

जिन्यात पावलं वाजली.

"मी परत चिकटवतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम. या वेळी पाण्याने न सुटणारा गोंद. मावशी, खोली जाईल गं."

तिने गोंदाची ट्यूब हातात घेतली. टोपणही फिरवलं. साहेबांचं हसणं दारापर्यंत आलं. मग तिने टोपण घट्ट लावलं आणि ट्यूब खणात टाकली. कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: नर. ठिकाण माहीत नाही. तारीख माहीत नाही. धड नाही. तिचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं. जातीच्या नावाची ओळ तिने कोरीच सोडली.

दार उघडलं. साहेब, आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ.

"या," मावशी म्हणाली. "हा माझा भाचा. सगळं हाच सांगेल."

तज्ज्ञ हसले आणि बसायला जागा शोधू लागले. मी कोपऱ्यातली नमुना-खुर्ची ओढून दिली.

"वा," ते म्हणाले, "आरामशीर आहे."