ख्रिस्तविरोधकाची खुर्ची

रविवारच्या मिस्सात फादर मर्विननी ख्रिस्तविरोधकावर प्रवचन दिलं. शेवटच्या दिवसांत तो येणार, गोड बोलणार, भल्याभल्यांना भुलवणार. झालं! माझ्या पुतण्याने त्यातला 'विरोधक' तेवढा उचलला. जॅक्सन आमचा नगरसेवक. अख्ख्या बायबलात त्याला स्वतःच्या कामाचा एवढाच शब्द सापडला.

संध्याकाळी कागद घेऊन दारात हजर. आमच्या उमेळ्याच्या वाडीत बावखल आहे, गोड्या पाण्याचं तळं. ते बुजवून त्याला तिथे शेजारच्या नव्या टॉवरमधल्या लोकांच्या गाड्या उभ्या करायच्यात. जागा सामाईक. त्याची सही झालेली, माझ्या दिराची, प्लासिडची, झालेली. राहिली माझी. बावखल गेलं की माझ्या केळी तर जातीलच, आजूबाजूच्या सात घरांच्या विहिरीही आटतील. त्याला हे ठाऊक नाही असं नाही.

"काकी, फादर काय बोलले ऐकलंत ना? विरोधक म्हणजे सैतान. उद्या ते निवडून आले तर ही जागा तशीच घशात घालतील. त्याआधी सही करा. वाचायची तसदी नको."

"चौथी पास आहे रे मी. कागद वाचता येतो, आणि माणूसही. पण विरोधक कोण, ते आधी फादरना विचारू दे."

"विचारा ना! सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारा."

कोलीत आयतंच माझ्या हातात दिलं मेल्याने.

आमच्या चर्चच्या संताचा सण आला. देवळापुढच्या कमानीवर संत एवढासा आणि हात जोडलेला जॅक्सन हत्तीएवढा. मंडपात पुढे एकच गादीची खुर्ची, त्याची. बाकी गाव प्लास्टिकवर. जेवणाआधी मी उभी राहिले.

"फादर, एक अडलंय. हा ख्रिस्तविरोधक खुर्चीवर बसतो, की खुर्चीसमोर ओरडतो?"

फादर सरळ माणूस. "बसतो, मटिल्डाबाई. देवाच्या मंदिरात जाऊन बसतो आणि मीच देव म्हणून मिरवतो. त्याची खूण अंगावर नसेल तर माणसाला विकता येत नाही, घेता येत नाही. सगळी सत्ता त्याचीच."

"म्हणजे विरोधक नुसता नावाचा. असतो सत्ताधारीच!"

"अगं बाई, मग बरोबर," भाजीवाली यमुना मागून ओरडली. "बाजारात टोपली मांडायला जॅक्सनची चिठ्ठी लागते, तीच ती खूण!"

मंडप फुटला हसून. जॅक्सन ताडकन उठला, तो उठलाच. बसायला जरा वाकला की पोरीबाळी ओरडायच्या, "बसतोय, बसतोय!" शेवटी ताट हातात धरून उभ्यानेच जेवला.

खुर्ची रिकामी आणि माझे गुडघे ठणकत होते. मी बसले.

खोटं का सांगू, गादी फार मऊ. दहा मिनिटांत तीन जणांनी सरबत आणून दिलं. चौथ्यावर मीच खेकसले, "बर्फ कुठाय?" ज्या शेजारच्या एलिसाने गेली चार वर्षं माझ्याशी अबोला धरलेला, ती वाकून म्हणते, "काकी, पंखा इकडे वळवू?" मी नुसता हात हलवला. वळव.

तेवढ्यात प्लासिड आला, मान खाली घालून. "वहिनी, माझी सही... खोडता येईल का?"

"आत्ताच्या आत्ता खोड! मी सांगते म्हणून—"

आवाज माझाच होता, पण कानाला लागला तो कमानीवरच्या त्या हत्तीएवढ्या जॅक्सनचा. मी अशी उठले की पदर खुर्चीत अडकून टर्रकन फाटला.

उभ्याने म्हटलं, "सही तुझी, प्लासिड. तुझं तू बघ. माझी मिळणार नाही, एवढंच."

त्याने थोडा वेळ नखं खाल्ली. मग जॅक्सनकडे गेला, त्याच्या खिशातून कागद ओढला, आणि फादरचंच पेन मागून आपल्या नावावर काट मारली. जॅक्सनच्या एका हातात ताट, दुसऱ्यात पाव. अडवणार कशाने?