तेल धुऊन लावा

"भोकंवाले नकोत, व्हर्लिन. ओरिननं तीनदा बजावलंय," आर्डिथ म्हणाल्या. "भोकं चाळणीला शोभतात, म्हणतो."

मी काउंटरवर तीन रोटर मांडले होते. ब्रेक दाबला की पॅड जिला दोन्ही बाजूंनी आवळतात ती चाकामागची लोखंडी तबकडी म्हणजे रोटर. एक भोकं पाडलेला, एक काळ्या लेपाचा, एक साधा. चौतीस वर्षं मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या या दुकानात उभा आहे आणि अजूनही लोक आधी भोकंवाल्यालाच हात लावतात. दिसतो देखणा, कबूल. पण आमच्या घाटात अकरा मैलांचा सलग उतार आहे. तिथं लोखंड तापून तापून नेमकं त्या भोकांपाशी तडकतं.

"मग हा काळा न्या," मी म्हणालो. "हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठानं गंजत नाही. खोक्यातून काढायचा, लावायचा, झालं."

"साधाच हवाय त्याला. दुसरा नेला तर दिवसभर तोंड फुगवून बसेल."

साधाही वाईट नसतो. जाडजूड, भरवशाचा. फक्त गंजू नये म्हणून कारखान्यातून तेल माखून येतो. ते स्प्रे मारून धुतलं नाही तर पॅड तेल पितात आणि ब्रेक धरत नाही. म्हणून साधा रोटर घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य ऐकवतो: तेल धुऊन लावा. समोर मेकॅनिक असो की चर्चचा पाद्री. माझ्या शेजारी काउंटर सांभाळणारी रोंडा त्यावरून माझी नक्कल करते.

आर्डिथना मात्र मी ते ऐकवलं नाही. विसरलो नव्हतो. जिभेवर आलेलं गिळलं. कारण ते वाक्य मुळात त्यांच्या नवऱ्याचंच, ओरिन हॅस्केट यांचं. बावीस वर्षांचा असताना मी त्यांच्या गॅरेजात कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात न धुतलेले रोटर बसवले. ते ओरडले नाहीत. मला शेजारी बसवून गाडी जत्रेच्या रिकाम्या मैदानात नेली, पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी कुंपणात घुसूनच थांबली. "आता इथं घाट आहे असं समज," एवढंच म्हणाले. त्या माणसाला मी तेल धुवायचा निरोप पाठवू? मला लाज वाटली.

खोकी गाडीत ठेवायला मी बाहेर गेलो, तेव्हा आर्डिथ हसत म्हणाल्या, "आज काय केलं माहितेय? कॉफीचं यंत्र सुरू केलं आणि खाली भांडंच ठेवलं नाही. सगळी कॉफी फरशीवर! मागच्या आठवड्यात गाडी कुठली आपली, तेच विचारत होता." मग घाईनं म्हणाल्या, "निघते. तीनला घाटाखाली डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तोच नेणार, माझ्या डोळ्यांत थेंब घालतात ना."

त्या गेल्या आणि माझं चित्त उडालं. हिरव्या मिरचीच्या रश्श्यातला बुरिटो समोर गार झाला. एका माणसाला मी पुढच्या दिव्याऐवजी मागचा दिवा दिला. हॅस्केटांच्या घरी चारदा फोन लावला; चारही वेळा फोनच्या निरोप-यंत्रातून ओरिन यांचा जुना, ठणठणीत आवाज: निरोप ठेवा. काय निरोप ठेवू, कपाळ?

"चड्डीत मुंग्या शिरल्यात का तुझ्या?" रोंडा म्हणाली. "एका जागी उभा राहा की जरा."

दीड वाजला होता. मी फळीवरून काळ्या रोटरची जोडी काढली, नवे पॅड घेतले.

"कुठं निघालास?"

"चुकीचा माल दिला गेलाय."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"थांब, कॅलेंडरवर लिहून ठेवते!"

हॅस्केटांच्या अंगणात पोचलो तेव्हा चाकं चढली होती आणि ओरिन जॅक उतरवत होते. आर्डिथ कोट घालून तयार. फळीवर तेल धुवायच्या स्प्रेचा डबा उभा, त्याचं सील तसंच.

"काय रे लेका, माझं काम तपासायला आलास?"

"नाही हो. मीच घोटाळा केला. खोकी बदलली. बसवलेत ते तुमच्या गाडीचे नाहीत."

"बसले तर झकास."

"बसतात. जाडीत फरक आहे. पॅडही बदलू या."

"चौतीस वर्षांत पहिल्यांदा?"

"म्हातारा झालो, ओरिन."

आर्डिथनी त्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि उगीचच कोटाची बटणं काढून पुन्हा लावत बसल्या.

आम्ही दोघांनी चाकं उतरवली. त्यांचे हात काही विसरले नव्हते. कुठल्या बोल्टला कुठला पाना, डोळे मिटून सांगितलं असतं. पहिला रोटर निघाला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि त्यांची बोटं त्यावरून घसरली. अंगठा बोटावर चोळून पाहिला. वास घेतला. मी खाली मान घालून जमिनीवरचा नट शोधत राहिलो. मला त्यांच्याकडे बघवेना.

बऱ्याच वेळानं डब्याचं सील फुटल्याचा आवाज आला. ओरिन तो काढलेला रोटर धूत होते. पुढून, मागून, कडेनं. मग दुसरा. चिंधीनं कोरडे करून त्यांनी ते दोन्ही खोक्यांत नीट घातले.

"परत करायचा माल स्वच्छ असावा," ते म्हणाले.

काळे रोटर मी बसवले. गल्लीत दोन चकरा मारून ब्रेक दाबून पाहिला. छान धरत होता. परत आलो तर ते दारात उभे होते. किल्ली द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझी मूठ माझ्याच छातीकडे ढकलली.

"तूच चालव. बाईला उशीर होतोय."

आर्डिथ मागं बसल्या. ओरिन माझ्या शेजारी, बावीस वर्षांचा मी बसलो होतो त्या जागी. घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाआधी, मी ब्रेकवर पाय ठेवायच्या क्षणभर आधी, त्यांचा उजवा बूट पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. एकही वळण चुकलं नाही.